कोणत्या इंजिनात कोणतं ऑइल? आधी बॉनेट उघडा, मग डबा

गॅरेजमध्ये ऑइलबद्दल दोन सल्ले फुकट मिळतात. एक, "आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाका." दुसरा, "डोळे झाकून फुल सिंथेटिक घ्या." पहिला सल्ला प्रीमियर पद्मिनीच्या काळात चुकीचा नव्हता. दुसऱ्यानं बहुतेक वेळा फक्त पैसे जास्त जातात, पण बीएस-६ डिझेलमध्ये चुकीचं 'फुल सिंथेटिक' पडलं तर एक्झॉस्टमधला महागडा भाग त्यानं लवकर निकामी होऊ शकतो.

एकाच डब्यातलं ऑइल एका इंजिनात शांत चालतं आणि दुसऱ्यात खडखडाट करतं, याचं कारण इंजिन ऑइलकडून कोणती कामं करून घेतं यात असतं. जुन्या इंजिनात भाग घासू न देणं, उष्णता आणि घाण वाहून नेणं, एवढ्यावर भागायचं. आजच्या इंजिनात तेच ऑइल टायमिंग चेन ताणून ठेवणारा टेन्शनर दाबून धरतं, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा कोन मागेपुढे करतं, टर्बोची बेअरिंग जळू देत नाही. काही गाड्यांत तर टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये भिजत फिरतो.

पायरी १ : इंजिनात काय काय आहे ते शोधा

गाडीचं मॅन्युअल काढा. बहुतेकांच्या ग्लोव्हबॉक्समध्ये ते प्लॅस्टिकच्या पिशवीसकट नवंकोरं पडलेलं असतं. शेवटच्या पानांत वंगणाचा तक्ता असतो. त्यात ग्रेड (५डब्ल्यू-३० यासारखी), दर्जाचं स्पेसिफिकेशन आणि फिल्टरसह किती लिटर, या तिन्ही गोष्टी असतात. ग्रेड कधी ऑइल फिलरच्या झाकणावरही लिहिलेली असते. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या, पण तुमच्याच मॉडेलचं आणि तुमच्याच वर्षाचं. त्याच नावाच्या गाडीत तीन वर्षांनी वेगळं इंजिन असणं आपल्याकडे नवीन नाही.

मग पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. इंधन कोणतं? टर्बो आहे का? पेट्रोल असेल तर इंजेक्शन थेट सिलिंडरमध्ये होतं की त्याआधी हवेच्या नळ्यांत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये? टायमिंगला चेन आहे, कोरडा बेल्ट आहे की ऑइलमधला? डिझेल असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे का? एप्रिल २०२०पासून विकलेल्या बीएस-६ डिझेल कारमध्ये तो आहे असंच धरून चाला.

पायरी २ : डब्यावरचे आकडे नीट वाचा

५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. ५डब्ल्यू ऑइलची सेल्फ मारतानाची घट्टपणाची चाचणी उणे ३० अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २०ला, २०डब्ल्यूची उणे १५ला. मग निफाडला पारा कधी पाच अंशांखाली गेला तरी आपल्याला काय फरक पडतो, असा प्रश्न रास्त आहे. गोठण्याच्या दृष्टीनं काहीच नाही. कॅनडात एडमंटनला राहणाऱ्या मराठी माणसाला हा आकडा जेवढा जीवनमरणाचा, तेवढा पुण्यात नाही. पण सकाळी २० अंशांना उभी असलेली गाडीसुद्धा ऑइलच्या नजरेनं थंडच असते. ४० अंश तापमानाला २०डब्ल्यू-५०ची श्यानता, म्हणजे घट्टपणा, साधारण १५०च्या वर असते, १५डब्ल्यू-४०ची ११०च्या आसपास, ५डब्ल्यू-३०ची ६० ते ७०, आणि ०डब्ल्यू-१६ची जेमतेम ३५ (सगळे आकडे सेंटिस्टोकमध्ये). म्हणजे नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी, सावलीत उभ्या गाडीतही, यांच्यात चौपट फरक आहे. सेल्फ मारल्यावर वरच्या कॅमपर्यंत ऑइल पोहोचायला किती वेळ लागेल, ते इथं ठरतं.

दुसरा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंशांना ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या मध्ये असावं लागतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. बाहेर ४५ अंश आहेत म्हणून ऑइल पातळ होईल ही भीती इथं थोडी कमी करायला हरकत नाही. चंद्रपूर असो की महाबळेश्वर, थर्मोस्टॅट कूलंटला ९० अंशांच्या आसपासच धरून ठेवतो. ऑइल खरं तापतं ते चढ, ओझं आणि वेगानं. बोरघाट किंवा आंबोलीचा घाट सात माणसं आणि टपावर सामान घेऊन चढताना ऑइलचं तापमान कूलंटच्या बरंच वर जातं, आणि डॅशबोर्डवरचा काटा ते दाखवत नाही, कारण तो कूलंटचा असतो.

त्यासाठी तिसरा आकडा आहे, तो डब्यावर नसतो, पण कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात असतो. त्याचं नाव एचटीएचएस. १५० अंशांना, बेअरिंगमध्ये चेपलं जात असताना ऑइलचा थर किती टिकतो याचं हे माप. १६ ग्रेडला किमान २.३, २०ला २.६, ३०ला २.९. ५डब्ल्यू-४०ला ३.५ आणि १५डब्ल्यू-४०ला ३.७. दोन ऑइलांची तुलना करायची तर ब्रँड सोडून हा आकडा बघा.

यानंतर दर्जाची अक्षरं. पेट्रोलला एपीआय एसएन, एसपी वगैरे, जुन्या डिझेलला सीएच-४, सीआय-४, नव्या डिझेल कारना युरोपीय एसीईए सी२, सी३. 'फुल सिंथेटिक' हे शब्द मात्र यातल्या कशाचाच पुरावा नाहीत. बाजारातल्या बऱ्याच सिंथेटिकचा पाया ग्रुप ३चा, म्हणजे खनिज तेलच हायड्रोजनच्या प्रक्रियेनं अतिशुद्ध केलेलं असतं. ऑइल म्हणून ते उत्तम असतं, पण डब्यावर मोठं करून छापलेल्या शब्दापेक्षा दर्जाच्या अक्षरांना जास्त भाव द्या.

पायरी ३ : आपलं इंजिन कोणत्या घरातलं ते ठरवा

*पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर आणि त्या पिढीची इंजिनं.* मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेल्या, पण हौसेनं सांभाळलेल्या गाड्या अजून आहेत. यांचे टॅपेट, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारे भाग, सपाट, कॅमवर सरळ घासणारे. त्यांना जस्त आणि फॉस्फरस असलेलं झीज रोखणारं रसायन भरपूर लागतं. पण आजच्या पातळ पेट्रोल ऑइलमध्ये कॅटलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. २०डब्ल्यू-५०ला ती लागू नाही. म्हणजे या गाड्यांत जाड ऑइल घालणाऱ्या जुन्या मिस्त्रीचं बरोबर आहे, आणि कारणं दोन आहेत, सैल बेअरिंग आणि हे रसायन. पातळ ०डब्ल्यू-२० घालून बघू नका. गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकायला लागेल.

*साधी पेट्रोल इंजिनं, पण व्हीव्हीटीवाली, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी.* मारुतीची के-सिरीज, होंडा, ह्युंदाई, टोयोटा, आपल्या रस्त्यावरची बहुतेक पेट्रोल गाडी इथं येते. गंमत अशी, की याच गाड्यांत जाड ऑइलचा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि याच गाड्यांना तो सगळ्यात कमी मानवतो. व्हीव्हीटीमध्ये कॅमशाफ्टच्या टोकाला एक फिरता भाग असतो. ऑइलच्या दाबानं तो कॅमचा कोन बदलतो, आणि त्या ऑइलची वाट एका बारीक जाळीच्या व्हॉल्व्हमधून जाते. ५डब्ल्यू-३०च्या जागी २०डब्ल्यू-५० घातलं की सकाळची पहिली काही मिनिटं हा भाग सुस्त होतो, आणि पिकअप जड लागतो. अ‍ॅव्हरेजही थोडं उतरतं. वेळेवर न बदललेल्या ऑइलचा गाळ त्या जाळीत बसला तर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनर कॅम टायमिंगचा कोड दाखवतो. मग सेन्सर बदला, सोलेनॉइड बदला अशी मालिका सुरू होते. ती सुरू करण्याआधी काडी (डिपस्टिक) ओढून ऑइल बघावं.

नव्या गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-२०, ०डब्ल्यू-१६ का सांगते? इंधन वाचवण्यासाठी, यात लपवण्यासारखं काही नाही. २०१७-१८पासून भारतात कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर बंधन आहे, २०२२-२३पासून ते आणखी कडक झालं. पण इंजिन त्या ऑइलसाठी घडवलेलं असेल, म्हणजे पंप, बेअरिंगची रुंदी आणि पृष्ठभाग तसे असतील, तर पातळ ऑइलनं इंजिन बसतं ही भीती निराधार आहे. त्याच कंपनीच्या दहा वर्षं जुन्या इंजिनात मात्र ते ओतू नका. स्ट्राँग हायब्रिडला, म्हणजे इंजिनासोबत बॅटरीवरही चालणाऱ्या गाडीला, तर पातळच हवं. तिथं इंजिन प्रवासात शेकडो वेळा बंद-चालू होतं, ऑइल नीट तापतच नाही, आणि प्रत्येक वेळी त्यानं लगेच वर पोहोचायला हवं असतं.

*छोटी टर्बो पेट्रोल.* एक लिटरच्या आसपासचं, थेट इंजेक्शनचं टर्बो इंजिन म्हणजे ऑइलची खरी परीक्षा. टर्बोचा दांडा मिनिटाला एक-दोन लाख फेऱ्या मारतो आणि त्याच्या एका टोकाला जळता एक्झॉस्ट असतो. हलक्या दर्जाचं ऑइल इथं भाजून कोळसा होतं आणि बारीक नळी बुजवतं. दुसरा धोका कमी वेगावर जास्त जोर मागण्याचा. चौथ्या गिअरमध्ये ३०च्या वेगानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ठिणगीच्या आधीच इंधन पेटू शकतं, आणि तो धक्का पिस्टन फोडण्याइतका असतो. यात ऑइलचा हात आहे हे संशोधनातून पुढे आलं. ऑइल स्वच्छ राखण्यासाठी घातलेलं कॅल्शियम या प्रकाराला खतपाणी घालतं, मॅग्नेशियम घालत नाही. म्हणून २०१८मध्ये एसएन प्लस आणि २०२०मध्ये एसपी दर्जा आला. एसपीत टायमिंग चेनच्या झिजेचीही चाचणी आहे. अशा गाडीत एसपी किंवा त्यापुढचा दर्जा सोडून स्वस्त एसएल, एसएम ऑइल घालणं ही काटकसर नव्हे.

ऑइलमधल्या बेल्टचं उदाहरण म्हणजे इकोस्पोर्टमधलं एक लिटरचं इकोबूस्ट. त्याला ५डब्ल्यू-२० आणि फोर्डचं स्वतःचं स्पेसिफिकेशन, डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी, असलेलं ऑइल लागतं. चुकीच्या किंवा जुन्या ऑइलनं बेल्टचं रबर सुटतं, त्याचे कण चेंबरमधल्या, म्हणजे तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातल्या, गाळणीत अडकतात आणि ऑइलचा दाब पडतो. फोर्डनं २०२१मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवल्यापासून या गाड्या बाहेरच्या गॅरेजमध्ये जास्त जायला लागल्या. मेकॅनिकला हे सांगायची जबाबदारी मालकाची.

*मल्टिजेट.* मानेसर आणि रांजणगावला बनलेलं हे १.३ लिटरचं फियाट डिझेल स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, लिनिआ अशा इतक्या गाड्यांत बसलं, की त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायची पद्धत पडली. यात चेन आहे, तिचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, आणि टॅपेटसुद्धा हायड्रॉलिक. चेंबर लहान, सुमारे तीन लिटरचा. डिझेलची काजळी तेवढ्याशा ऑइलमध्ये साठते आणि ती चेनच्या पिना घासते. या इंजिनाचा ऑइलला मिळणारा प्रतिसाद कानानं कळतो. सकाळी सेल्फ मारल्यावर दोन-तीन सेकंद साखळी खडखडली आणि मग शांत झाली, तर ऑइल वर पोहोचायला उशीर होतोय किंवा चेन लांबलीय. मॅन्युअलमधल्या पातळ ग्रेडचं ताजं ऑइल घातल्यावर आवाज गेला तर सुटलात. राहिला तर चेन किट बघा. आवाज दाबायला जाड ऑइल घालणं म्हणजे सकाळचा खडखडाट आणखी लांबवणं.

*जुनी दणकट डिझेल.* डीपीएफ नसलेली सुमो, बोलेरो, क्वालिस. यांना १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा सीआय-४ छान मानवतं, आणि तेही साधं खनिज, वेळेवर बदलून. यांच्यात महागडं सिंथेटिक घालून मला आजवर कानाला किंवा खिशाला फरक जाणवलेला नाही. ऑइल दोनशे किलोमीटरमध्ये काळं झालं म्हणून घाबरू नका, ते काजळी पकडतंय.

*बीएस-६ डिझेल.* चुकीच्या ऑइलची सगळ्यात मोठी किंमत इथं मोजावी लागते. डीपीएफमधली काजळी साधारण ६०० अंशांना जाळून टाकता येते, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही. ती कायमची साठते. एसीईए सी२ आणि सी३ ऑइलमध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांच्या आत ठेवलेलं असतं. दुकानदार कौतुकानं दाखवतो ते ए३/बी४ दर्जाचं ५डब्ल्यू-४० सिंथेटिक याच्या दीड-दोन पट राख सोडू शकतं. ते ऑइल वाईट नसतं, या गाडीसाठी चुकीचं असतं. सी२ की सी३ हे मॅन्युअलवरून ठरवा. सी३चा एचटीएचएस किमान ३.५, सी२चा २.९.

याच गाड्यांत आणखी एक विचित्र गोष्ट दिसते. काडीवरची पातळी वाढते. गाडी रोज फक्त कोथरूड ते डेक्कन चालत असेल, तर डीपीएफ जाळण्यासाठी जादा मारलेलं डिझेल पूर्ण जळत नाही आणि पिस्टनच्या रिंगांवरून चेंबरमध्ये उतरतं. 'गाडी ऑइल खात नाही, उलट वाढवते' म्हणून खूश होऊ नका. काडीला डिझेलचा वास येत असेल आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर ऑइल लगेच बदला, आणि अधूनमधून अर्धा तास हायवेला सलग चालवा.

*सीएनजी.* गॅसचं ऑइल काळं पडत नाही, म्हणून लोक ते बदलायचं लांबवतात. पण जळणाची उष्णता जास्त असल्यामुळे ते नायट्रोजनच्या संयुगांनी आतून घट्ट आणि आम्लयुक्त होत जातं. इथं रंगाकडे न बघता किलोमीटर मोजा.

पायरी ४ : ऑइल बदलताना

इंजिन कोमट असताना ऑइल काढा. फिल्टर दर वेळी नवा, चेंबरच्या बोल्टचा वॉशरही नवा. फिल्टरच्या रबरी रिंगला ताज्या ऑइलचं बोट लावून हातानं आवळा, पान्यानं पिळू नका. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा पाव-अर्धा लिटर कमी ओता, एक मिनिट इंजिन चालवा, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मग काडी बघत पातळी पूर्ण करा. वरच्या खुणेपुढे भरलेलं ऑइल क्रँकशाफ्ट घुसळतो, त्याचा फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही.

सर्व्हिस सेंटरला ड्रममधलं ऑइल घालत असतील तर ग्रेड आणि दर्जा जॉबकार्डवर लिहून मागा. बाहेर डबा घेत असाल तर सील तुमच्यासमोर तोडायला लावा आणि रिकामा डबा खिळ्यानं भोसकून टाका. बनावट ऑइलवाल्यांना हवे असतात ते अस्सल रिकामे डबे.

जुन्या, अनोळखी इतिहासाच्या गाडीत इंजिन फ्लश घालू नका. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटून गाळणीत जाऊन बसतो. त्याऐवजी चांगलं ऑइल घालून पहिले दोन बदल निम्म्या अंतरावर करा.

पायरी ५ : प्रतिसाद खरा की मनाचा, ते तपासा

ऑइल बदलून गॅरेजबाहेर पडलेली प्रत्येक गाडी लोण्यासारखी चालते. त्याच ग्रेडचं ताजं ऑइल घातलं असतं तरी चालली असती. म्हणून नव्या ऑइलची तुलना जुन्या ऑइलच्या शेवटच्या आठवड्याशी करू नका, मागच्या बदलानंतरच्या पहिल्या हजार किलोमीटरशी करा. ग्रेडमुळे अ‍ॅव्हरेजमध्ये पडणारा फरक एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतो, एवढा फरक टायरमधली हवासुद्धा पाडते. तो दिसायला हवा असेल तर एकाच पंपावर टाकी फुल करून अनेक टाक्यांची नोंद ठेवावी लागते.

त्यापेक्षा खात्रीच्या खुणा तीन. रात्रभर उभ्या गाडीचा सकाळचा पहिला आवाज. लांब प्रवासानंतर गरम इंजिन आयडलला असताना ऑइलचा दिवा स्थिर बंद राहतो का. आणि ऑइल किती खातं, ते हजार-हजार किलोमीटरला, सपाट जागी, त्याच वेळी काडी बघून. काही कंपन्यांची मॅन्युअल हजार किलोमीटरला अर्धा लिटर खाणंही 'सामान्य' म्हणतात. माझ्या मते धडधाकट इंजिनात तेवढं झालं तर कान टवकारावेत.

जाड करायचं तर कधी

दीड-दोन लाख किलोमीटर झालेलं इंजिन, रिंगा थोड्या झिजलेल्या, ऑइल खातंय, पण बोअरचं काम एवढ्यात करायचं नाही. अशा वेळी मॅन्युअलमध्ये परवानगी असलेल्या ग्रेडपैकी सगळ्यात जाड घ्या. बऱ्याच मॅन्युअलमध्ये तापमानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात. तिथं नसेल तर फक्त दुसरा आकडा एक पायरी वर न्या, ५डब्ल्यू-३०वरून ५डब्ल्यू-४०. पहिला तसाच राहू द्या, म्हणजे सकाळचा प्रवाह बिघडत नाही. दर्जा खाली आणू नका, आणि डीपीएफ असेल तर कमी राखेचंच घ्या. वॉरंटीतल्या गाडीवर हा प्रयोग करू नका. निळा धूर फक्त सकाळी पहिल्यांदा सुरू करताना येत असेल तर दोष बहुधा व्हॉल्व्ह सीलचा, आणि त्यावर कोणतंही ऑइल औषध नाही.

वाटेत पातळी कमी दिसली तर

रात्री कशेडी घाटाच्या पायथ्याशी काडी कोरडी निघाली आणि टपरीवजा दुकानात तुमची ग्रेड नाही. मिळेल ते इंजिन ऑइल घाला, शक्यतो जवळच्या ग्रेडचं. वेगवेगळ्या ब्रँडची, खनिज आणि सिंथेटिक इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळतात, फाटत नाहीत. गिअर ऑइल किंवा टू-स्ट्रोकचं मात्र घालू नका. काडीच्या दोन खुणांमधलं अंतर बहुतेक कारमध्ये अर्धा ते एक लिटरचं असतं, तेव्हा अर्धा लिटर ओतून पुन्हा बघा. घरी पोहोचल्यावर आठवड्याभरात पूर्ण ऑइल आणि फिल्टर बदलून टाका. पण पातळी बघायच्या आधीच चालत्या गाडीत तो लाल ऑइलकॅनचा दिवा लागला, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतही जाऊ नका. बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा आणि टोइंगला फोन करा.